तीन पाण्यांची रेघ

“हात, हात, हात! बाकीच्यांना हात आहेत आणि मला काय खूर फुटलेत?”

कोल्ड रूममध्ये सौम्या हे मांडणीवरच्या बाटल्यांना विचारत होती. मांडणीच्या पलीकडे चंद्राबाई वाकून बर्फाचे पॅक काढत होत्या, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. चार डिग्रीच्या त्या खोलीत माणूस सहसा बोलत नाही, नुसते दात वाजवतो. सौम्या दोन्ही करत होती.

“दीड वर्षं! तेच मीठ, तेच पाणी, तेच तीर्थ. अक्कांना येते, मला नाही येत. म्हणे हात! आता मासे देणार सांभाळायला. तिथं काय सांगतील? सौम्याचा पाय बरोबर नाही?”

चंद्राबाईंनी मुद्दाम दोन पॅक एकमेकांवर आपटले.

“अय्यो अक्का! तुम्ही कधी आलात?”

“आत्ताच की. सरक स्वल्प, बोटं गळून पडायच्या आत मला बाहेर जायचंय.”

“तुम्ही ऐकलंत?”

“या पंख्याच्या घरघरीपुढं इथं देवाचंसुद्धा ऐकू येत नाही,” चंद्राबाई म्हणाल्या, आणि सगळं ऐकलेल्या माणसाच्या चालीनं बाहेर पडल्या.

मल्लेश्वरममधल्या एका संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर डॉ. रघुनंदन यांची लॅब होती. चंद्राबाईंचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बेंगळुरात आले असं त्यांच्या घरात सांगत. चंद्राबाई स्वतः एकोणीस वर्षांपूर्वी सिटी बसमध्ये उभ्यानं या लॅबमध्ये आल्या, बाटल्या धुवायला. शाळा दहावीपर्यंत. पण बाटली धुताना मान वळवून बघायची सवय होती. बघता बघता त्यांनी पेशी वाढवायला घेतल्या, मग जेल ओतायला, आणि शेवटी लॅबचं सगळ्यात मानाचं काम त्यांच्याकडे आलं, ते म्हणजे पट्टी काढणं.

हे काम थोडक्यात असं. पेशीच्या अंगावर बाहेरचे निरोप घेणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अशा एकाच रिसेप्टरवर सरांनी उभं आयुष्य लावलं होतं. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेशींचा रस काढायचा, तो कागदासारख्या पांढऱ्या पट्टीवर उतरवायचा आणि वरून अँटिबॉडी फिरवायची. अँटिबॉडी म्हणजे भर जत्रेत नेमक्या एकाच माणसाची कॉलर धरणारा पोलीस. त्यानं कॉलर धरली की मागून दुसरं, चमकणारं औषध सोडायचं. ते त्या पोलिसाला जाऊन चिकटतं. मग उरलंसुरलं धुऊन टाकायचं आणि पट्टी मशीनमध्ये ठेवायची. जिथं काळी रेघ उमटेल तिथं आपला रिसेप्टर. बाकीचे तिला बँड म्हणत, चंद्राबाई रेघ म्हणत.

ही अँटिबॉडी करणाऱ्या परदेशी कंपनीनं ती करणं केव्हाच थांबवलं होतं. लॅबमध्ये शेवटची ट्यूब उरली होती, करंगळीच्या पेराएवढी, तळाशी जेमतेम चार थेंब. एका वेळी थेंबाचाही अंश निघे, तोही हात धुऊन, मान झुकवून. म्हणून तिचं नाव तीर्थ.

तीर्थ सगळ्यांना तेच मिळे, पण रेघ यायची ती चंद्राबाईंच्या हाताला. काळीभोर, काजळाच्या बोटासारखी. सगळं पुस्तकाप्रमाणं करूनही सौम्याची पट्टी मात्र कोरी. पीएचडीची दीड वर्षं तिनं कोऱ्या पट्ट्या फाइलीत लावण्यात घालवली होती. ती इथलीच मराठी घरातली मुलगी. जन्मात माशाला हात लावला नव्हता. आता दसऱ्यानंतर सर तिला तळमजल्यावरच्या माशांच्या लॅबमध्ये पाठवणार होते, सगळं पहिल्यापासून सुरू करायला. सर मनानं वाईट नव्हते. “काय करायचं वो, पोरगी हुशार हाय, पण हात न्हाई,” असं ते निपाणीकडच्या हळव्या आवाजात म्हणत. सौम्याला तो हळवा आवाजच जास्त लागे.

चंद्राबाईंचा हात कुठून आला, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. पुस्तकात पट्टी सहा वेळा धुवा, दर वेळी दहा मिनिटं, असं होतं. सुरुवातीला चंद्राबाईंनी तसंच धुतलं. पट्टी कोरी आली आणि सर जेवले नाहीत. मग पाचदा धुतलं. रेघ फिकी आली, सरांनी दोन घास खाल्ले. मग तीनदा, तेही अलगद, बाळाला न्हाऊ घालावं तसं. अशी रेघ उमटली की सरांनी सगळ्या मजल्याला मसाला डोसा खिलवला. तेव्हापासून तीन पाणी. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. सरांचा चेहरा बघत बघत त्या शिकल्या.

त्या वर्षी गोंधळ झाला तो आयुधपूजेला. शुक्रवार-शनिवारी सणाची सुट्टी, पुढं रविवार, म्हणून लॅबची पूजा गुरुवारी दुपारीच उरकायची ठरली. मंगळवारी दिल्लीहून पाहणी समिती येणार होती. सरांचा प्रकल्प पुढं चालू ठेवायचा की नाही, ते तिच्या हातात. त्यामुळं भक्ती जरा जास्तच होती. सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार, मायक्रोस्कोपला गंध, फ्रीजच्या दाराला आंब्याचा डहाळा. दारात कोहळा फुटला. कडलेपुरीची, म्हणजे फुटाणे घातलेल्या चुरमुऱ्यांची, पाकिटं वाटली गेली.

आणि सरांना ऐन वेळी सुचलं.

“आपलं खरं शस्त्र तर आतच ऱ्हायलं की! प्रणीत, तीर्थ काढ बाहेर.”

प्रणीत म्हणजे पीएचडी होऊन लॅबमध्ये आलेला पुण्याचा पोस्टडॉक. तो एकदम दचकला. “सर, आय मीन, कशाला उगाच? फ्रीजमध्येच गंध लावू ना.”

“देवाला फ्रीजमध्ये नमस्कार करतोस काय रे? काढ.”

बर्फाच्या डब्यात खोचून तीर्थ पाटावर आलं. सरांनी हळद-कुंकू वाहिलं. हार घालायला जागा नव्हती, म्हणून चंद्राबाईंनी ट्यूबच्या झाकणाच्या फटीत मोगऱ्याची एक कळी खोवली. फार गोड दिसलं ते. सौम्यानं फोटोही काढला.

“सर, माझी बस पाचला आहे,” प्रणीत म्हणाला.

“जा की. जाताना तेवढं तीर्थ आत ठेव.”

प्रणीतच्या तोंडात कडलेपुरीचा बकाणा होता. त्यानं मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की चावताना हलली, हे पुढं त्याला स्वतःलाही सांगता आलं नाही.

सोमवारी सकाळी सगळ्यात आधी आल्या चंद्राबाई. पाटावर झेंडू सुकले होते, कोहळ्याच्या फोडींवर चिलटं बसली होती, बर्फाच्या डब्यात कोमट पाणी होतं आणि त्यावर तीर्थाची ट्यूब तरंगत होती. मोगऱ्याची कळी अजून झाकणात होती. कळीमुळं झाकण नीट बसलं नव्हतं. आत तळाशी पांढरा कोरडा डाग. चार रात्रींत चार थेंब वर निघून गेले होते. लेबल तेवढं ठणठणीत. प्रणीतनं उन्हाळ्यात हौसेनं नवं लावलं होतं.

चंद्राबाई स्टुलावर बसल्या. कळी त्यांनी खोवली होती. चूक सरांची, प्रणीतची, देवीची, कुणाचीही म्हटली तरी कळी त्यांचीच. पण हातपाय गाळणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी ट्यूब पुसली, चार थेंब बफर, म्हणजे लॅबचं नेहमीचं मीठपाणी, आत घातलं आणि ट्यूब फ्रीजमध्ये जागेवर ठेवली. रिकामी ट्यूब कुणाच्या अचानक हाती लागून गोंधळ नको, एवढ्यासाठी. सर आले की सांगायचं, हे पक्कं ठरवलं होतं.

सर आले ते दारातूनच म्हणाले, “काय वो चंद्राबाई, पूजेचं सगळं आवरलं न्हवं?”

“आवरलं सर. पण एक—”

“म्हंजे जे जिथलं ते तिथं?”

“तिथंच आहे सर, पण—”

“बास! आज फक्त चांगलं बोलायचं. उद्या समिती हाय. पट्टी लावा, ताजी रेघ दाखवूया त्यांना.” आणि सर केबिनमध्ये शिरले. ज्याला उत्तर नको असतं तो माणूस प्रश्न असाच विचारतो, हे चंद्राबाईंना कळलं. देवनहळ्ळीच्या घरी बसून शनिवारीच कधीतरी सरांना ती ट्यूब आठवली असणार.

प्रणीत बसच्या झोपेतून उठून थेट आला होता.

“चंद्राक्का, तीर्थ कुठंय?”

“कुठं असतं?”

“फ्रीजमध्ये.”

“मग तिथंच असेल की.”

प्रणीतनं फ्रीज उघडला. झाकणावर कुंकवाचा लाल ठिपका होता. त्यानं ठिपक्याकडे बघितलं, चंद्राबाईंकडे बघितलं आणि फ्रीज इतक्या हळू लावला की आत कुणी झोपलंय असं वाटावं. “ओके. ऑल गुड,” तो म्हणाला आणि दिवसभर लायब्ररीत बसला.

चंद्राबाईंनी विचार केला, कुणी ऐकत नाही तर पट्टीच सांगेल. ट्यूबमध्ये मीठपाणी, पोलीस जाग्यावर नाही, तर रेघ उमटणार कुठून? कोरी पट्टी सरांच्या पुढ्यात ठेवायची, की तोंड उघडायला जागा होईल. त्यांनी रीतसर पट्टी लावली. तीर्थाच्या नावानं मीठपाणी फिरवलं, चमकणारं औषध सोडलं, आणि सवयीनं तीन पाण्यांतून अलगद काढली.

संध्याकाळी पाच वाजता मशीनपुढं सगळे जमले. प्रत्येकानं आपापलं कारण खिशात घालून आणलेलं दिसत होतं.

“दुपारी व्होल्टेज जरा डाउन होतं,” प्रणीत म्हणाला.

“सणाच्या दिवसांत पेशीसुद्धा सुस्तावतात,” सर म्हणाले.

मशीन गुरगुरलं. पडदा उजळला. आणि रेघ आली. काळीभोर, काजळाच्या बोटासारखी.

“देवीनं राखलं!” सर ओरडले.

“काय राखलं सर?” सौम्यानं विचारलं.

“काही न्हाई. आपली लाज. म्हंजे, संस्थेची. बघ सौम्या, हात म्हंतात तो ह्यो!”

सौम्या आपली फाइल छातीशी धरून बाहेर गेली. प्रणीत पडद्याकडे तोंड उघडून बघत राहिला. चंद्राबाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या हातांची भीती वाटली. मीठपाण्यातून रेघ काढणारा हात म्हणजे एकतर चमत्कार, नाहीतर लबाडी. आणि चमत्कारावर त्यांचा एवढा विश्वास नव्हता.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि पेला खाली आपटला. “गोजरा! परत साबण राहिला!”

गोजराबाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. भांडी तिच्याकडे होती, आणि त्यावरून बावीस वर्षं बोलणं चालू होतं.

“काही राहिला नाही. तुमचं नाकच मेलं लॅबमध्ये बाटलं.”

“वास येतोय गं. पेला दिसतो चकचकीत, पण ती चमक पेल्याची नाही, साबणाची. किती पाण्यांतून काढलास?”

“तीन.”

“तीन पाण्यांतून साबण निघतो होय? तीन पाण्यांत—”

चंद्राबाई थांबल्या. तोंड तसंच उघडं.

“काय झालं अक्का?” गोजराबाई घाबरली. बावीस वर्षांत हे वाक्य कधी अर्धं राहिलं नव्हतं.

“काही नाही,” चंद्राबाई म्हणाल्या. त्यांनी ती साबणाची कॉफी एका दमात पिऊन टाकली आणि चपला घातल्या. “गोजरा, आजपासून तुला मी भांड्यांवरून बोलायची नाही.”

गोजराबाईनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

समिती दहाला येणार होती. चंद्राबाई सव्वाआठला लॅबमध्ये होत्या. त्यांनी कालचीच पट्टी काढली, तिच्यावर पुन्हा चमकणारं औषध सोडलं आणि ती पुस्तकाप्रमाणं धुवायला घेतली. एक पाणी, दहा मिनिटं. दुसरं. तिसऱ्याला सवयीनं हात थांबला. त्यांनी तो पुढं ढकलला. चौथं, पाचवं, सहावं. मग पट्टी मशीनमध्ये ठेवली.

पडदा उजळला. पट्टी कोरी होती, अगदी सौम्याच्या फाइलीतल्यासारखी.

चंद्राबाईंनी पट्टी ओल्या कागदात गुंडाळून ॲप्रनच्या खिशात ठेवली. मशीनचा कागदही घेतला. एवढ्यात खाली गाड्या लागल्या.

समितीत तिघं होते. दोन गृहस्थ उपीट आणि केसरीबातात, म्हणजे केशरी शिऱ्यात, रमले. तिसऱ्या श्यामला मॅडम, मूळच्या धारवाडच्या. बारीक चणीच्या आणि बारीक नजरेच्या. त्यांनी कालच्या रेघेचा फोटो खिडकीशी नेऊन बघितला.

“सुरेख आहे रघुनंदन. कुणाचं काम?”

“ह्या आमच्या चंद्राबाई. ह्यांच्या हातालाच येते. आणि ही सौम्या, हुशार हाय, पण तिची पट्टी कोरीच ऱ्हाते. पुढच्या महिन्यात माशांवर काम करील. हाताचा प्रश्न हाय, दुसरं काय.”

सौम्यानं मान खाली घातली.

“आमच्याकडची अँटिबॉडी संपून चार वर्षं झाली,” मॅडम म्हणाल्या. “आम्हाला ही रेघ कधी नीट आलीच नाही. दोन थेंब द्याल? मी बर्फाचा डबा आणलाय.”

प्रणीतला ठसका लागला. सरांचा चेहरा क्षणभर पडला, पण रेघेनं त्यांना फार धीर दिला होता. “दोन काय, चार न्या! प्रणीत, आण ट्यूब.”

प्रणीत फ्रीजपर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. शेवटी सरांनीच जाऊन कुंकवाच्या ठिपक्याची ती ट्यूब आणली आणि मॅडमच्या तळहातावर ठेवली.

“मॅडम, ते नेऊ नका,” चंद्राबाई म्हणाल्या.

सर हसले. “जीव हाय वो त्यांचा त्या ट्यूबवर.”

“जीव नाही सर. त्यात मीठपाणी आहे.”

उपिटाचे चमचे थांबले.

“कधीपासून?” मॅडमनी शांतपणे विचारलं.

“काल सकाळपासून. पूजेत बाहेर राहिली ती चार दिवस. झाकणात कळी मीच खोवली होती. आतलं सुकून गेलं. मी बफर घातलं. कालपासून सांगायला बघतेय.”

सर खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा फ्रीजजवळून बारीक आवाज आला.

“कालपासून नाही.”

सगळ्यांनी वळून बघितलं. प्रणीतनं डोळे मिटले होते, इंजेक्शन घेताना मिटावेत तसे.

“मार्चपासून. ट्यूब माझ्या कोटाच्या खिशात राहिली. कोट धोब्याकडे गेला. परत आली तेव्हा आत काहीच नव्हतं, लेबलसुद्धा गेलेलं. मी बफर भरलं, नवं लेबल लावलं. आय वॉज गोइंग टु टेल, सर. पण दुसऱ्याच दिवशी चंद्राक्कांची रेघ आली. मग काय सांगणार?”

तो कोट धोब्याला चंद्राबाईंनीच दिला होता. काय स्वच्छ धुऊन आला होता, तेही त्यांना आठवलं.

मार्च ते ऑक्टोबर. आठ महिने ट्यूबमध्ये नुसतं मीठपाणी होतं आणि आठ महिने रेघ काळीभोर येत होती. मग ती रेघ कसली, हा एकच प्रश्न त्या खोलीत उरला होता. सर भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होते. तिथं त्यांच्या पहिल्या रेघेचा फोटो लावलेला होता. प्रणीत फ्रीजच्या दाराचा आंब्याचा डहाळा नीट करत होता. एका गृहस्थांनी केसरीबातातला काजू फार काळजीपूर्वक बाजूला काढला.

चंद्राबाईंनी खिशातली पट्टी काढून टेबलावर पसरली. शेजारी मशीनचा कागद ठेवला. मग सौम्याच्या हातातली फाइल घेतली, उघडली आणि तिथंच ठेवली. कोऱ्यावर कोरं.

“ही कालचीच पट्टी,” त्या म्हणाल्या. “आज सकाळी सहा पाण्यांतून काढली.”

सर जवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. “रेघ कुठाय?”

“गेली सर. मागून सोडलेलं ते चमकणारं औषध पट्टीवर त्या जागी दुसऱ्याच कशाला तरी नुसतं लागून राहत होतं. साबण राहतो ना भांड्याला, तसं. फिकी आली की तुम्ही जेवत नव्हता, म्हणून मी तीनच पाणी देत होते.”

“पण तुमचा हात, चंद्राबाई...”

चंद्राबाईंनी पदर खोचला. बावीस वर्षं जावेला जे बोलत आल्या होत्या, ते आता स्वतःला बोलायचं होतं. त्यांनी आवाज जराही खाली घेतला नाही.

“हात सौम्याचाच चांगला आहे, सर. मी नीट धूतच नव्हते.”